पान एकशे बारावरचं माप

३ फेब्रुवारी

चि. मासोळी,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी माप पाठव.

एकाच तलावावर पंचवीस वर्षं मुलांना पोहायला शिकवलंस म्हणून तुझा सत्कार होणार, आणि ही बातमी मला दादाकडून कळते! सख्खी मोठी बहीण शिंपीण असताना तू त्या दिवशी ट्रॅकसूट घालून स्टेजवर जाणार होतीस, हेही त्यानेच सांगितलं. ते होणार नाही. मी तुला कोट शिवणार आहे. कापड आणलंसुद्धा. तुझ्या तलावाच्या खोल टोकाला असतं तसं निळं.

फोन करू नकोस. अडतीस वर्षं मशिनीने माझे कान खाल्लेत. फोनवर ऐकलेल्या आकड्यांवर कोट शिवला तर तो तिसऱ्याच बाईला बसेल. कागदावर लिही. तुझं शेवटचं माप माझ्या वहीत पान एकशे बारावर आहे, पण ते सहा वर्षांपूर्वीचं, ऑपरेशनच्या आदल्या वर्षीचं. तू जन्मापासून एकाच मापाची आहेस म्हणा, तरी मला नवं हवं. दुकानाच्या भिंतीवर काय लिहिलंय ते तुला पाठ आहे: दोनदा मोजावं, एकदा कापावं. खांदा, छाती, कंबर, दंड, पाठीची लांबी, उंची. दंडाचं विसरू नकोस, तुझे दंड पैलवानासारखे, बाही तिथेच अडकते.

आणखी एक. वहिनीच्या अंगावरून फार जातंय. गर्भाशयात गाठी निघाल्या. वय अठ्ठेचाळीस, तुझ्यावेळी तुझं होतं जवळपास तेवढंच. तुझंच हॉस्पिटल, तुझेच ते मोठे डॉक्टर. ती घाबरली आहे. मी म्हटलं, आमची मासोळी बघ, पाच वर्षं झाली, अजून माशासारखी सुळकन जाते. मी बाहेरच्या बाकावर बसेनच, तुझ्यावेळी बसले होते तशी.

माप पाठव.

ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताई,

वाकून नमस्कार करायला सध्या कंबर तयार नाही, तेव्हा उभ्यानेच घे.

सत्काराचं मीच तुला सांगणार होते. राहून गेलं. कोट कशाला गं? पण तुझ्याशी वाद घालून कोण जिंकलंय.

माप आमच्या ह्यांनी, म्हणजे घड्याळजींनी घेतलं. उंची पाच फूट तीन. खांदा पंधरा. छाती साडेछत्तीस. कंबर साडेतेहतीस. दंड पावणेदहा. पाठ सव्वापंधरा. वजन तू विचारलं नाहीस, तरी सांगते, अठ्ठावन्न किलो. कपडे बदलायच्या खोलीतला तो जुना काटा वीस वर्षं मला अठ्ठावन्नच दाखवतोय. बाकीच्या बायका त्यावर चढून हळहळतात आणि मी ऐटीत उतरते. या वयात एवढं पुरे.

अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे. पेन नवीन आहे आणि हट्टी आहे.

वहिनीला सांग, घाबरू नको. माझं तर नुसतं गर्भाशय काढलं, आठ दिवसांत घरी आले. त्यानंतर ते उकडणं, घामाने चिंब होणं, झोप उडणं एवढं सोडलं तर काही नाही. तू तेव्हा लिहिलं होतंस ना, गर्भाशय काढल्यावर होतं असं, जातं आपोआप. तसं गेलंही.

मासोळी

२४ फेब्रुवारी

मासोळी,

हे माप कुणाचं आहे?

घड्याळजींना सांग, घड्याळाच्या पोटातले केसाएवढे स्क्रू मोजता येतात म्हणजे बाई मोजता येते असं नाही. पान एकशे बारा उघडून समोर ठेवलंय. उंची पाच फूट चार. खांदा साडेपंधरा. छाती छत्तीस. कंबर एकोणतीस. दंड साडेअकरा. पाठ सोळा. आणि आता ही उंची इंचाने कमी, दंड पावणेदोन इंचांनी कमी, कंबर साडेचार इंचांनी जास्त! आणि म्हणे वजन तेच!

आधी वाटलं, टेप जुनी असेल. ताणलेली टेप माप कमी दाखवते. पण ताणलेली टेप सगळीकडे कमी दाखवते. खांद्याला कमी आणि कंबरेला जास्त दाखवणारी टेप मी अडतीस वर्षांत पाहिली नाही. म्हणजे चूक टेपची नाही, धरणाऱ्याची आहे. सोबत नवी टेप पाठवतेय. दंडाला आवळू नका, कंबरेला सैल सोडू नका, आणि उंची मोजताना भिंतीला टेकून उभी राहा, पोक काढून नाही.

आणि समजा माप खरं असलंच, तर मग तू काय करतेस काय तिथे? पाण्यात उतरतेस की काठावर बसून नुसती शिट्टी फुंकतेस? बसून खाल्लं की कंबर अशीच सुटते आणि हातांच्या काड्या होतात. माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात तशी. पंचवीस वर्षांचा सत्कार व्हायचाय आणि त्याआधीच बाईसाहेब निवृत्त!

अक्षराचं म्हणशील तर पेनाला दोष देऊ नकोस. नाचता येईना, अंगण वाकडं.

वहिनीची तारीख ठरली. अकरा एप्रिल.

ताई

९ मार्च

ताई,

तुझी टेप मिळाली. ती कपाटात ठेवली आहे, कारण फेकून मारायला तू समोर नाहीस.

ऐक आता. अक्षर वाकडं आहे कारण मी डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट जानेवारीत मोडलं. तुला कळवलं नाही, कारण तू दुकान बंद करून धावत आली असतीस आणि मला खूप बोलली असतीस. आता तू लांबूनही बोललीसच. मोडलं कसं, तर हसशील. काठावरून कुणी ढकललं नाही, उंचावरून पडले नाही. मुलांची पोहायची एक फळी पायाखाली आली, मी खाली बसले, हात टेकवला. बस. शेजारच्या बाईचा चार वर्षांचा नातू दिवसातून दहा वेळा असा पडतो आणि उठून पळतो. माझं मनगट वाळक्या काटकीसारखं मोडलं.

आणि हो, मी काठावर बसून शिट्टीच फुंकतेय! ते तरी कुठे, मला तिकीट खिडकीवर बसवलंय. बुडणाऱ्या पोराला एका हाताने उचलून काठावर ठेवायची मी. तो हात दोन वर्षांपासूनच मला दगा देत होता. पोरं जड झालीत असं वाटायचं. पोरं तेवढीच आहेत, ताई. व्यवस्थापक म्हणाले, जूनपर्यंत बघू, जमलं तर पाण्यात, नाहीतर खिडकी कायमची. म्हणजे हा सत्कार कसला ते तू समज. हार घालून मला पाण्याबाहेर काढायचं ठरलंय.

घड्याळजींना काही बोलायचं नाही. त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा स्टीलच्या पट्टीने. आकडे तेच आले तेव्हा ते दुकानात जाऊन बसले.

हाडांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण नीट विचारतात. त्यांनी माझ्या हाडांची तपासणी करून घेतली. माझी हाडं बावन्न वर्षांची नाहीत, सत्तरीतली आहेत. पाठीचा एक मणका पुढून चेपलाय, मला कळलंही नव्हतं. तुझा हरवलेला इंच तिथे आहे. त्यांनी विचारलं, पाळी कधी गेली? मी म्हटलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी गर्भाशय काढलं, पण अंडाशयं जागेवर आहेत. त्या म्हणाल्या, नक्की? मी म्हटलं, म्हणजे काय, माझ्याच पोटात आहेत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ऑपरेशनचे कागद आणा.

कागद तुझ्याकडे आहेत. तुझ्या गावात ऑपरेशन झालं, फाइल तूच ठेवून घेतलीस, हरवशील म्हणून. लगेच पाठव.

मासोळी

२० मार्च

चि. मासोळी,

मनगटाचं वाचलं आणि मशीन थांबवली. मी भलतंच बोलले, मनावर घेऊ नकोस. दूध घेत जा. थोडं ऊनही खात जा.

फाइल शोधली. कपाटात बरंच काही निघालं, फाइल नाही निघाली. मध्यंतरी दुकानाला रंग दिला तेव्हा सगळं सामान हललं, तेव्हा कुठे गेली असेल कोण जाणे. पण त्या कागदांत असं काय असणार? पाच वर्षं उलटून गेली. वय झालं की हाडं ठिसूळ होतातच, कुणाची आधी, कुणाची नंतर. मला तर आई शेवटी शेवटी किती वाकली होती ते आठवतं. आपल्या घरातच असेल ते.

कोटाचं कापड अजून कापलं नाही. अस्तर राखाडी घ्यावं की निळंच, तुला काय वाटतं? बटणं शिंगाची मिळाली तर बघते, हल्ली सगळी प्लॅस्टिकची येतात. बाही थोडी सैल ठेवीन म्हणजे प्लॅस्टरवरून जाईल.

तू जिवाला जप. रागावू नकोस.

तुझी ताई

२८ मार्च

ताई,

बावन्न वर्षांत तू कुणाला ‘रागावू नकोस’ म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. तू म्हणतेस, ‘रागव, मला काय फरक पडतो!’ तुझं पत्र वाचलं आणि घड्याळजींना म्हटलं, ताईने काहीतरी केलंय.

ते परवा हॉस्पिटलात गेले. अर्ज दिला, तीन तास बसले, नक्कल घेऊन आले. ती माझ्यासमोर आहे. वर लिहिलंय, गर्भाशय व दोन्ही अंडाशयं काढली. खाली लिहिलंय, अंडाशयं निरोगी दिसली. निरोगी, ताई! त्याखाली, नातेवाइकाला विचारले, संमती मिळाली. नातेवाइकाचं नातं, बहीण. आणि तुझी सही. खडूने कापडावर फुली मारतेस तशी शेवटी मारलेली तिरकी रेघ. ती सही मी अंधारातसुद्धा ओळखीन.

पाच वर्षं! पाच वर्षं मी जगाला सांगत फिरले की माझं नुसतं गर्भाशय काढलंय. तपासणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. डॉक्टरीणबाईंना तोंड वर करून सांगितलं, माझ्याच पोटात आहेत. माझ्या पोटात काय आहे ते तुला माहीत, त्या डॉक्टरला माहीत, कागदाला माहीत. मला सोडून सगळ्यांना माहीत.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते तुलाही सांगते, कारण तुला समजलंच पाहिजे. पाळी आपोआप जाते तेव्हा अंडाशयं हळूहळू काम कमी करतात, आणि पाळी गेल्यावरही थोडंथोडं काही करत राहतात. शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. माझं एका दुपारी बंद केलं. त्यानंतर पहिली काही वर्षं हाडं फार वेगाने झिजतात. स्नायू उतरतात, त्यांच्या जागी चरबी चढते, तीही पोटावर. काट्याला काय, मांस गेलं काय नि चरबी आली काय, अठ्ठावन्न ते अठ्ठावन्न. मी त्या काट्यावरून ऐटीत उतरत होते! तेव्हाच माहीत असतं तर हार्मोनच्या गोळ्यांचा विचार करता आला असता, हाडं तपासता आली असती. ते उकडणं, तो घाम, ती माझ्या शरीराने मारलेली हाक होती. आणि तू लिहिलंस, जातं आपोआप.

आणखी एक गंमत ऐक. पोहण्याने हाडाला फारसं काही मिळत नाही. हाडाला वजन पेलायला लागतं, आणि पाणी आपलं वजन स्वतःच पेलतं. ज्या पाण्याला मी पंचवीस वर्षं दिली त्याने मला ऐनवेळी एवढंही दिलं नाही. पण पाण्यावर मी रागावणार नाही. त्याने मला फसवलं नाही.

कोटासाठी तू माझं माप दोनदा मागवलंस. नवी टेप पोस्टाने पाठवलीस. दंड आवळू नका, कंबर सैल सोडू नका. अस्तर कुठलं, बटणं कुठली, तेही मला विचारलंस. आणि माझ्या अंगाला कात्री लावायची होती तेव्हा तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?

अकरा तारखेला वहिनी त्याच टेबलावर झोपणार आहे. बाहेरच्या बाकावर तू बसणार आहेस.

मासोळी

२ एप्रिल

मासोळी,

फाइल हरवली नव्हती. ती माझ्या उशाजवळच्या कपाटात आहे, पाच वर्षं तिथेच आहे. घड्याळजी गेल्या आठवड्यात माझ्या दुकानासमोरून गेले आणि आत आले नाहीत. मी काचेतून पाहिलं. हातात मोठं पाकीट होतं. तेव्हाच मला कळलं.

काय झालं ते लिहिते. त्या दिवशी घड्याळजी औषधं आणायला खाली गेले होते. मी एकटी बाकावर. डॉक्टर दार ढकलून बाहेर आले, हातमोजे तसेच, मास्क हनुवटीवर. म्हणाले, “गर्भाशय निघालंय. अंडाशयंही काढून टाकू ना? दोन-चार वर्षांत त्यांचं काम संपणारच आहे, ठेवून उगाच पुढे काही झालं म्हणजे?” चार बटणं लावू की पाच, असं विचारावं तसं विचारलं गं त्यांनी. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, “काढायचंच तर सगळं काढा. अर्धवट उसवलेलं मला आवडत नाही.” ते हसले. मीही हसले. सिस्टरने कागद धरला, मी सही केली.

जुना कोट उसवताना अस्तर अर्धं ठेवलं तर नवं नीट बसत नाही, चुण्या पडतात, म्हणून मी मुलींना शिकवते, काढायचं तर सगळं काढा. तू मला त्या वेळी कोट वाटलीस. मला दुसरं काही येतच नाही.

नंतर तुझं घामाचं पत्र आलं. माझ्याकडे आठवड्याला दोन तरी बायका त्या वयाच्या येतात, मला कळत नव्हतं का? कळलं होतं. फाइल काढून वाचली आणि परत ठेवली. आज सांगू, उद्या सांगू. मग तू लिहिलंस, आता बरं वाटतं. मी म्हटलं, सुटले. मी सुटले असं म्हणाले, तू सुटलीस असं नाही.

तू मला वाट्टेल ते बोल. मी स्वतःला त्याहून जास्त बोलले आहे. पण माझा राग एकट्या माझ्यावर मावत नाहीये. तुला भूल दिलेली, ऑपरेशनच्या आधी महिनाभर तू त्यांच्या खोलीत तीनदा जाऊन बसलेली. तेव्हा विचारायला त्यांचं तोंड शिवलं होतं का? दाराबाहेर येऊन शिंपिणीला विचारतात!

दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि वह्या काढल्या. माझ्या वह्यांत कुणाचे आजार लिहिलेले नाहीत, नुसती मापं आहेत, पण बायका माप देताना बोलतात आणि मी ते विसरत नाही. ज्यांचं असं ऑपरेशन झालं आणि मला माहीत आहे अशा अकरा जणी सापडल्या. त्यांची आधीची पानं आणि नंतरची पानं शेजारी शेजारी ठेवली. सगळ्यांचं सारखं नाही. चौघींचं माप जसंच्या तसं आहे. पण सात जणींचे दंड उतरलेत आणि कंबर वाढली, आणि त्यांतल्या चौघींची पाठ आखूड झाली. मी त्या प्रत्येकीला बोलले होते, माहीत आहे? “बाई, खाणं आवरा.” माझ्या तोंडाने! त्यांतल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई रडल्या होत्या. मी टाचण्या तोंडात धरून हसले होते.

काल दोघींच्या घरी गेले. विचारलं, तुमची अंडाशयं आहेत का? दोघीही म्हणाल्या, आहेत की. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद आणून दाखवला. नाहीत.

आता मी काय करू ते सांग.

ताई

५ एप्रिल

ताई,

मी तुला क्षमा केलेली नाही. ते या पत्रात शोधू नकोस.

काय करायचं ते लिहिते. वहिनीला सगळं सांग. माझं माप दाखव, माझा कागद दाखव, तुझी सही दाखव. ऑपरेशनच्या आधी, ती शुद्धीवर असताना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींची अंडाशयं काढावीच लागतात, घरात तो आजार असेल किंवा आत काही वाईट दिसलं तर. तेव्हा काढणंच बरोबर. वहिनीच्या माहेरी तसं कुणाला आहे का, ते तिला माहीत, तुला नाही. म्हणून काढ किंवा काढू नको, असं तू तिला सांगायचं नाही. एकदा सांगितलंस तेवढं पुष्कळ झालं. तिला फक्त माहीत असलं पाहिजे, आणि ठरवायचं तिने.

आणि तो माणूस पुन्हा दार ढकलून बाहेर आला तर तू काहीही म्हणायचं नाहीस.

मासोळी

१३ एप्रिल

मासोळी,

झालं. लिहिते, जसं झालं तसं.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, आणि मला म्हणाली, “ताई, तुम्ही मला आमची मासोळी बघ म्हणालात, ते मासोळीला बघून म्हणालात का?” दादा मध्ये बोलायला लागला, डॉक्टरांना जास्त कळतं वगैरे. वहिनीने त्याला हाताने थांबवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

नऊ तारखेला आम्ही दोघी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. मी पान एकशे बारा उघडून त्यांच्या टेबलावर ठेवलं, शेजारी घड्याळजींचं माप. ते हसले, म्हणाले, “आता शिंप्याच्या वहीवरून ऑपरेशनं ठरवायची का आम्ही?” मी म्हटलं, “नका ठरवू. पण पाच वर्षांपूर्वी शिंपिणीच्या शब्दावरून ठरवलंत तेव्हा चाललं ना?” ते म्हणाले, हे वयाने होतं. मी पुढची पानं उलटली. त्याच वयाच्या, ऑपरेशन न झालेल्या बायका. म्हटलं, यांचंही वय झालंय, बघा तरी. त्यांनी घड्याळ बघितलं. वही नाही बघितली.

माझा आवाज चढत होता, तेवढ्यात वहिनीने माझ्या मनगटावर हात ठेवला. तू काहीही म्हणायचं नाहीस, हे तुझं वाक्य तिला मी वाचून दाखवलं होतं. तीच बोलली. “डॉक्टर, माझ्या आईला, मावशीला, बहिणीला, कुणालाही तो आजार नाही. माझ्या तपासणीत अंडाशयं चांगली आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग ती कशासाठी काढायची, ते मला सांगा.” त्यांनी सांगितलं, वयाच्या या टप्प्यावर आम्ही सहसा काढतो. ती म्हणाली, “सहसा म्हणजे कारण नाही.” मासोळी, मी तिला इतकी वर्षं गरीब गाय समजत होते.

तिने संमतीच्या अर्जावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. अंडाशयं निरोगी असतील तर ठेवावी. आत काही वाईट दिसलं तरच काढावी. याबद्दल बाहेरच्या कुणालाही विचारू नये. ‘कुणालाही’खाली तिने दोन रेघा मारल्या. आणि दुसरी रेघ मारताना माझ्याकडे बघितलं.

अकरा तारखेला मी त्याच बाकावर बसले. दीड तासाने दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, हातमोजे तसेच. माझ्यासमोर क्षणभर थांबले. मी भिंतीकडे तोंड केलं. ते पुढे निघून गेले.

वहिनी बरी आहे. गर्भाशय गेलं, बाकीचं जागच्या जागी आहे. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तिने सिस्टरला विचारला, कागद वाचून दाखवा.

मुख्याध्यापिकाबाई आणि आणखी तिघी उद्या हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे जाणार आहेत, आपापले कागद घेऊन. मीही जातेय. माझी सही घेऊन. मला काय म्हणतील ते म्हणोत.

कोट पाठवतेय. घड्याळजींच्या मापाने कापला. एकदाच कापला. त्यासोबत एक जड डबा आहे, पोस्टातल्या माणसाने त्याला शिव्या घातल्या. ती माझी जुनी लोखंडी इस्त्री आहे, चार किलोंची. हाडाला वजन लागतं असं तू लिहिलं होतंस. दुसरं जड काही माझ्याकडे नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून मगच उचल.

ताई

३० एप्रिल

ती. ताई,

हे पत्र उजव्या हाताने लिहितेय. अक्षर बघ.

सत्कार झाला. कोट घातला. खांद्यावर बसला, कंबरेला कुठे ओढ नाही, दंडाला ढगळ नाही. तीन वर्षं मी जुने कपडे घालून आरशात स्वतःला शिव्या देत होते, खाते म्हणून, आळशी म्हणून, म्हातारी म्हणून. या कोटात मी मोडलेली दिसत नाही. आहे तेवढी दिसते. हे तुला सांगायला नको होतं, पण खोटं कशाला बोलू, आपल्या घरात तेवढं पुरेसं झालंय.

हार घालून झाल्यावर व्यवस्थापकांनी खिडकीच्या कायम नेमणुकीचं पत्र पुढे केलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी ते घेतलं नाही. माइकवर म्हटलं, जूनपर्यंत मुदत दिली होती, जून यायचाय. मग तिथल्या बायकांना सांगितलं, कपडे बदलायच्या खोलीतल्या काट्यावर विश्वास ठेवू नका. आणि ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी घरी जाऊन कागद वाचा. तिकीट फाडणारी बाई तिथल्या तिथे रडायला लागली. तिचं गेल्या वर्षी झालंय.

हाडांची औषधं सुरू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, गेलेलं सगळं परत येणार नाही. चेपलेला मणका वर येत नाही, ताई. तो इंच गेला तो गेला. जे आहे ते राखायचं, आणि दंडात थोडं परत आणता येईल. जूनमध्ये पाण्यात उतरेन की नाही, त्यांनाही माहीत नाही.

इस्त्रीचं विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, डाव्या हाताने सुरू करा, पाठ सरळ ठेवून. उजव्याने पुढच्या महिन्यात. रोज सकाळी घड्याळजी समोर बसून मोजतात. सुरुवातीला तीनदा उचलायचे, आता पंधरा वेळा उचलते. दर वेळी तुझं नाव घेते. कसं घेते ते विचारू नकोस.

ऑक्टोबरमध्ये मी तिकडे येईन. पान एकशे बाराच्या शेजारी नवं पान काढून ठेव. माप तूच घे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पण टेप लावायच्या आधी मला विचार.

मासोळी